वायरमनकाकांचा पहिला पतंग

आमच्या घरमालकांच्या घरात सुटी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. गॅसची टाकी साखळीने ओट्याला, स्कूटर दोराने पेरूच्या झाडाला, चष्मा गोफाने गळ्याला आणि टीव्हीचा रिमोट सुतळीने कोचाच्या पायाला बांधलेला. मी खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, माणूस संशयी आहे, चोराला भितो. पण चोराला भिणारा माणूस दिवसभर दार सताड उघडं टाकून बसत नाही. काकांनी तीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली होती आणि त्या नोकरीतून एकच नियम घरी आणला होता, "आधी बांधायचं, मग हात घालायचा."

सगळी कॉलनी त्यांना वायरमन म्हणायची. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी लाइट गेली की लोक त्यांच्या फाटकाशी येऊन उभे राहत. "मी रिटायर झालोय, ऑफिस नाय झालं. तिकडं फोन लावा," असं खेकसून ते आत जात आणि दोन मिनिटांनी टॉर्च घेऊन बाहेर येत. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पुढे त्यांचं बैठं घर होतं, वर एक खोली चढवलेली. त्या खोलीत मी सहा वर्षं राहिले. मी जवळच्या शाळेत भूगोल शिकवत होते.

खोली देताना त्यांनी माझी मुलाखत घेतली. पगार विचारला नाही, लग्न का नाही केलं तेही विचारलं नाही. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली ते मांडी घालून बसलेले. म्हणाले, "मॅडम, शॉक बसलाय का कधी?"

"लहानपणी. इस्त्रीचा."

"कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"या मग राहायला," ते म्हणाले. माझ्याआधी आलेल्या एका इंजिनीअरला त्यांनी खोली नाकारली होती. का, तर त्याला जन्मात कधी शॉक बसला नव्हता. "असा माणूस लय धोक्याचा. त्याला वाटतं करंट दुसऱ्याच्याच घरात असतो."

काकांना बसला होता. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं होती, तीही पूर्ण मिटत नसत. हरसूलकडे ड्युटीला असताना त्यांनी लाइन बंद करून घेतली, खात्री केली आणि खांबावर चढले. तेवढ्यात कुणीतरी घरचा जनरेटर चालू केला आणि त्याचा करंट उलटा तारेत आला. कमरेचा पट्टा खांबाला होता म्हणून ते लोंबकळत राहिले, खाली पडले नाहीत. पट्ट्यावरची त्यांची श्रद्धा तिथे पक्की झाली.

दवाखान्यातून आल्यावर साहेबांनी त्यांना टेबल दिलं. तक्रारी लिहून घ्यायचं काम, पंखा, खुर्ची, वेळेवर घरी. दुसऱ्या कुणीही पेढे वाटले असते. यांनी दोन वर्षं भांडण मांडलं. सर्टिफिकेटवर "उजव्या हाताची पकड कमी" असं लिहिलेलं होतं, त्या एका ओळीवर त्यांचा सगळा राग. दर सोमवारी अर्ज करायचा आणि अर्जासोबत साहेबांच्या केबिनबाहेरच्या लोखंडी चौकटीला उजव्या हाताने लटकून दाखवायचं. शेवटी साहेब कंटाळले आणि काकांना पुन्हा खांब मिळाला. पुढची एकोणीस वर्षं ते त्याच हाताने चढले. ते सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून दाराशी लावलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून म्हणायचे, "वाचा. खोटं हाय ते."

त्या अपघातापासून त्यांना आणखी एक खोड जडली होती. कुठलंही बटण दाबायच्या आधी ते मोठ्याने सांगत आणि समोरच्याने तेच मोठ्याने परत म्हणावं लागे. "मॅडम, मोटर चालू करतोय!" अशी खालून हाक आली की मी वरून ओरडायचं, "करा, मोटर चालू करा!" नुसतं 'हो' चालत नसे. एकदा मी आईशी फोनवर बोलत होते आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. वीस मिनिटांनी खाली डोकावले तर काका बटणावर बोट ठेवून तसेच उभे. चिडले नव्हते. "तुमचं बोलणं होऊ द्या. टाकी कुठं पळून चाललीय," म्हणाले. मला मात्र त्या दिवशी फार लाजल्यासारखं झालं.

आता पतंगाचं सांगते. काकांनी आयुष्यात पतंग उडवला नव्हता. उतरवले मात्र हजारो. घोटी, हरसूल, मग येवला, आणि येवल्याची संक्रांत म्हणजे वायरमनची साडेसाती. "अख्खं गाव गच्चीवर आणि मी खांबावर," ते सांगायचे. "खालून पोरं वरडायची, वायरमन, तो लाल आमचा, फाडू नको! अरे, इथं माझा जीव टांगलाय, तुमचा कागद काय घेऊन बसलात?" पण काठीने पतंग सोडवताना तो फाटू नये म्हणून ते जीव टाकायचे, हे त्यांनीच एकदा बोलून टाकलं आणि लगेच विषय बदलला.

गेल्याच्या गेल्या संक्रांतीनंतर एका रविवारी त्यांनी मला खाली चहाला बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. परदेशातला कुठलातरी समुद्रकिनारा, एक माणूस दोन्ही हातांत दांडा धरून मागे रेललेला आणि वर एक भलामोठा कापडी पतंग. कामट्या नाहीत, कागद नाही. कापडाला कप्पे आणि कप्प्यांत वारा भरलेला.

"याला पॉवर काइट म्हणतात," काका म्हणाले. "आता मागं बघा. काय दिसतं?"

"समुद्र."

"तार दिसती का?"

"नाही."

"मग झालं तर. मी हा घेतोय. समुद्रावर जाऊन उडवतोय. नाशकात आभाळ कमी अन् तारा जास्त. उभा जन्म त्यातच गेला."

त्यांचं वय तेव्हा बासष्ट, वजन बावन्न. ही बातमी दोन दिवसांत कॉलनीभर झाली आणि प्रत्येकाला सल्ल्याचा उमाळा आला. कुणी म्हणालं, देवाचं नाव घ्या आता. काका बौद्ध, त्यांना ते कसं लागू पडणार. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "घ्यायचा तर मोठाच घ्या, काका. लोकांनी बघितलं पाहिजे." त्याला काकांनी उभ्या उभ्या झाडलं. "मी आधी घरातल्या बल्बवर शिकलो, मग अकरा हजाराच्या लाइनला हात लावला. ज्याला उलटं शिकायचंय त्याला खांदा द्यायला मी येईन."

पहिला पतंग निवडायला त्यांना दोन महिने लागले. मुंबईच्या एका विक्रेत्याला त्यांनी फोन करकरून सळो की पळो केलं. दोन दोऱ्यांचा की चार दोऱ्यांचा, हातात मुठी की दांडा, कापड भिजलं तर काय, रेतीने दोऱ्या झिजतात का. प्रत्येक उत्तर ते शंभर पानी वहीत उतरवून घेत आणि फोनवर मोठ्याने परत वाचून दाखवत. पलीकडच्या बिचाऱ्यालाही "बरोबर, दोरी वीस मीटर" असं म्हणावंच लागे.

विक्रेत्याने विचारलं, "अंकल, हातात ताकद किती आहे?" हा प्रश्न काकांना झोंबला. पण ते खोटं बोलले नाहीत. "उद्या सांगतो," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पेरूच्या फांदीला कप्पी बांधून बादलीने हात मोजायला बसले. बादलीत लिटर लिटर पाणी वाढवायचं, दोर हातात धरायचा आणि मी वीसपर्यंत आकडे म्हणायचे. डाव्या हाताने सोळा लिटर धरले. उजव्याने आठ. नवव्याला दोर निसटला आणि बादली माझ्या पायावर रिकामी झाली.

"लिहा," ते म्हणाले. "उजवा, आठ."

"काका, परत करून बघू?"

"कशाला? आठ म्हंजे आठ. मला खोट्या आकड्यावर पतंग नको. सर्टिफिकेटवर नुसतं कमी लिहिलंय, किती ते नाय लिहिलं. तिथं माझं भांडण होतं."

त्या आठ लिटरवर निवड ठरली. दोन मीटरचा लहान पतंग, तोही दांड्याचा, म्हणजे दोन्ही हातांचा जोर एकाच काठीवर येतो आणि डावा उजव्याला सांभाळून घेतो. दोन दोऱ्या ओढायच्या आणि तिसरी मनगटाच्या पट्ट्याला. काही बिनसलं तर दांडा सरळ सोडून द्यायचा, मग तिसरी दोरी पतंगातला वारा काढते आणि तो रिकाम्या पिशवीसारखा खाली पडतो. "अंकल, एवढंच लक्षात ठेवा, सोडलं की वाचलात," विक्रेता म्हणाला. काकांनी हे काही परत वाचून दाखवलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "सोडायचं काय शिकायचं असतं का?"

मग काकांच्या मुलाचा फोन आला, मला. मुलगा पुण्यात, काकू नातवासाठी तिकडेच. मुलगा सरळ, बापावर जीव असलेला, आणि म्हणूनच त्याला झटकून टाकणं अवघड. त्याच्या दोन वर्षं आधी काका पेरू काढताना शिडीवरून पडले होते. शिडी बांधलेली होती, स्वतःला बांधायचं राहिलं होतं. तेव्हा मुलाने त्यांना चार महिने पुण्याला नेऊन ठेवलं. आठवा मजला, फ्यूजचा डबासुद्धा सोसायटीच्या कुलपात. काका तिथून परत आले तेव्हा निम्मे झाले होते. आता मुलगा म्हणाला, "ताई, यावेळी काही झालं तर मी घराला कुलूप लावून बाबांना कायमचं इकडे आणणार. तुम्ही सोबत जाताय ना? मग तुम्ही उडवा, त्यांना बघू द्या. त्यांच्या हातात द्यायचा नाही. एवढी हमी द्या."

मी दिली. नाही कशी म्हणणार, असा तेव्हा स्वतःला प्रश्न विचारला. आज त्याचं उत्तर मला येतं. तोंड उघडून 'नाही' म्हणायचं. पण मी दिली आणि काकांना त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी आम्ही पहाटेच निघालो. माझी जुनी गाडी, त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार आणि खाली बोर्डीचा किनारा. काकांनी खांबावरचा कमरेचा पट्टा घातला होता, जाड, चामड्याचा, पुढे लोखंडी आकडा. "हा कशाला?" मी विचारलं. "कामाला निघालोय ना," ते म्हणाले. मी हसले आणि गाडी सुरू केली. वाटेत त्यांनी विचारलं, "मॅडम, खारे वारे किती वाजता सुटतात?" दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून जातात ते मतलई, हे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवत होते. किती वाजता सुटतात ते मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. "धड्यात नाही," मी म्हणाले. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग तिथं बसून बघू."

आम्ही बसून बघितलं. बाराच्या सुमाराला सुरूच्या झाडांचे शेंडे हलायला लागले. काकांनी वहीत वेळ लिहिली. मग किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना चालत जाऊन तार, खांब, माणूस, बैलगाडी काही नाही याची खात्री केली. ओहोटी होती, रेती टणक आणि लांबवर मोकळी.

"आधी मी उडवते," मी म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पतंग घेऊन वीस मीटर पलीकडे जाऊन उभे राहिले. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं, वारा पाठीवर घ्यायचा आणि पतंग जमिनीकडे. तीनदा मी तो तोंडघशी आपटला. चौथ्यांदा तो वर गेला आणि त्याने दांडा असा ओढला की माझ्या टाचा उचलल्या गेल्या. मी किंचाळले, हसले, परत आपटला, परत उडवला. तास कसा गेला कळलं नाही. काका दर वेळी धावत जाऊन तो उचलून धरत होते.

"झालं का? द्या आता," ते शेवटी जवळ येऊन म्हणाले.

"वारा वाढलाय, काका."

"वाढला नाय. मी बघतोय."

"थोडं खाऊन घेऊ आधी."

ते दोन पावलं पुढे आले. "पोराला शब्द दिलाय ना?"

मी मान खाली घातली आणि हो म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, लाइन चालू हाय हे लपवून माणसाला खांबावर चढवायचं नसतं. तुम्ही आज तेच केलं. दोन महिने मी बादल्या मोजल्या, तुम्ही आकडे म्हणत होता, अन् ठरलं पुण्यात?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी दांडा त्यांच्या हातात दिला, मनगटाला पट्टा बांधला आणि पतंग उचलून धरायला पलीकडे गेले. मी पाठमोरी चालत असताना त्यांनी काय केलं ते मला दिसलं नाही. उजव्या हाताचा भरवसा आठ लिटरचा, म्हणून त्यांनी कमरेच्या पट्ट्याचा आकडा दांड्याच्या दोरात अडकवला. बांधल्याशिवाय हात घालणं त्यांना माहीतच नव्हतं.

"पतंग सोडा!" ते ओरडले.

"सोडते, पतंग सोडते!" मी ओरडून सोडला.

तो सरळ वर गेला, भरला आणि काका उचलले गेले. दोन पावलं धावले, मग पोटावर पडले आणि रेतीवरून माझ्याच दिशेने घसरत आले. मी "सोडा, सोडा" ओरडत होते. त्यांनी दांडा सोडला होता. दोन्ही हात मोकळे होते. दांडा कमरेला होता आणि तो पट्टा त्यांना सोडत नव्हता. मी दोऱ्यांवर अक्षरशः झेप घेतली, एक हाताला लागली ती ओढली, पतंग गिरकी घेऊन आपटला आणि काका थांबले. नाक सोलवटलं होतं, शर्टाची बटणं गेली होती, तोंडात रेती.

"बास झालं, काका," मी म्हणाले. "चला, निघू."

ते उठून बसले, थुंकले. "हे कोण बोलतंय? तुम्ही का माझं पोरगं?"

त्यांनी खाली कमरेकडे बघितलं, आकडा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. "हात चुकला नाय," ते हळूच म्हणाले. "बांधलं, तिथं चुकलं." मग मला विचारलं, आणि त्या आवाजात भीती होती, तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाच्या आवाजात, "न बांधता जमंल का? सुटला हातातून तर?"

"तर सुटू द्या," मी म्हणाले. "सुटला की तो पडतो, काका, तुम्ही नाही. तुम्हीच निवडलाय तो, त्याचसाठी."

त्यांनी पट्टा काढला. बोटांना बक्कल सुटेना, पण मला हात लावू दिला नाही. काढून माझ्याकडे दिला, फार जड होता तो. मी तो रेतीवर ठेवला आणि पतंग उचलायला गेले.

पहिल्यांदा दांडा सुटला आणि पतंग लगेच पडला. काका हातांकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले. दुसऱ्यांदाही सुटला. तिसऱ्यांदा पतंग वर गेला आणि राहिला. काका मागे रेलले, पाय रेतीत रोवले, डावा हात पुढे, उजवा मागे, आणि तो निळा पतंग त्यांनी डावीकडून उजवीकडे असा सावकाश नेला की मी तोंड उघडं टाकून बघत बसले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलगा होता.

"ताई, बाबा फोन उचलत नाहीयेत. सगळं ठीक ना? त्यांनी नाही ना उडवला?"

"उडवला. पडले. नाक सोलवटलंय."

"लगेच निघा तिथून. ताई, तुम्ही हमी दिली होती."

"दिली होती. मोडली," मी म्हणाले. "मी ती द्यायलाच नको होती आणि तुम्ही मागायला नको होती."

"त्यांना फोन द्या आधी. मला आत्ता बोलायचंय त्यांच्याशी."

मी वर बघितलं, मग काकांकडे.

"आत्ता नाही देता येणार. अर्ध्या तासाने करा. त्यांचे दोन्ही हात कामात आहेत."